नव्याने घेतलेल्या गाडीचं स्टिअरिंग: दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं

गॅरेजमध्ये जाऊन "स्टिअरिंगमध्ये काहीतरी गडबड आहे" एवढंच सांगितलं की गाडी बहुतेक वेळा थेट अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, मशीनवर चढते. मी वापरलेली गाडी घेतली तेव्हा माझंही हेच झालं. गाडी उजवीकडे ओढायची. तीन आठवड्यांत दोनदा अलाइनमेंट झालं, दोन्ही वेळा कागदावर सगळे आकडे हिरवे आले आणि गाडी उजवीकडे ओढतच राहिली. शेवटी दोष निघाला पुढच्या एका टायरमध्ये, आणि तो शोधायला जॅक आणि पाना एवढंच पुरलं.

"स्टिअरिंग खराब" ही काही तक्रार नव्हे. गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडं राहतं, थरथरतं, जड जातं, सोडल्यावर परत येत नाही, ढिलं वाटतं किंवा वळताना आवाज येतो, या सगळ्या वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. यातली तुमची कोणती, आणि ती नेमकी कधी जाणवते, हे ठरवलंत की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं एका नियमावर चालतं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी चालवून बघायची. हवा भरली, टायर फिरवले आणि अलाइनमेंटही त्याच दिवशी केलं, तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

आधी हे: गाडी चालवायचीच नाही अशा वेळा

स्टिअरिंगचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग मध्येच अडकतंय, चालता चालता अचानक खूप ढिलं झालं, टायरच्या बाजूला फुगा आलाय किंवा एखादा व्हील नट सैल सापडला, तर तपासणीसाठीसुद्धा रस्त्यावर जाऊ नका. गाडी टो करून न्या. गाडी कालच घेतलेली असली की माणूस "बघू, होईल नीट" म्हणत चालवत राहतो, पण या पाच गोष्टींत थांबून बघण्यासारखं काही नसतं.

हा दोष आहे की गाडीचा स्वभाव?

नवी गाडी म्हणजे नवं स्टिअरिंग, आणि हाताला जुन्या गाडीची सवय असते. त्यामुळे काही गोष्टी उगीच दोष वाटतात.

गाडी बंद असताना स्टिअरिंग हललं की ते लॉक होतं. मग किल्लीही फिरत नाही आणि स्टिअरिंगही हलत नाही. अशा वेळी स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवत किल्ली फिरवायची. जोर लावायचा नाही.

हायवेवर स्टिअरिंग आपोआप हलकासा धक्का देतंय, लेन बदलताना विरोध करतंय असं वाटलं, तर आधी लेन असिस्टची सेटिंग बघा. काचेवरच्या कॅमेऱ्यावर चालणारी ही सोय पट्ट्यांप्रमाणे स्टिअरिंग वळवते. ती बंद करा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा जा. तक्रार गेली तर गॅरेजला जायची गरज नाही. ड्राइव्ह मोडचंही तसंच: स्पोर्ट मोडमध्ये स्टिअरिंग मुद्दाम जड केलेलं असतं.

शोरूममधून आलेली कोरी गाडी पहिल्या दिवशी थोडी थरथरली तर घाबरू नका. गाडी बरेच आठवडे एका जागी उभी असली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. अर्धा-पाऊण तास चालवून टायर गरम झाले की तो बहुधा पूर्ववत होतो. नाही झाला, तर पुढे वाचा.

हवा, आणि टायरकडे नीट एक नजर

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात. पण स्टिअरिंगच्या तक्रारी इथे जितक्या सुटतात तितक्या दुसरीकडे कुठेच सुटत नाहीत.

टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, चारही टायरमधली हवा मोजा. आकडा किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणामागे. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा नसतो. चालवल्यावर गरम टायरमध्ये हवा ४-५ पीएसआयने वाढलेली दिसते, म्हणून गरम टायर मोजून हवा काढू नका. पुढच्या दोन टायरांत पाच-सहा पीएसआयचा फरक असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढू शकते. कोऱ्या गाडीतही मोजाच. कारखान्यातून गाड्या बऱ्याचदा जास्त हवा भरून निघतात आणि ती कमी करायची राहून गेली तर स्टिअरिंग हलकं, उडतं वाटतं.

मग टायर बघा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की पुढच्या टायरचा सगळा पृष्ठभाग दिसतो. त्यावरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. (आधी तारा किंवा काचा रुतलेल्या नाहीत ते बघा.) एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर टो, म्हणजे वरून बघताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तो कोन, बिघडलेला आहे. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कडा झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा समोरून दिसणारा कल) किंवा टो. मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसणं.

वापरलेल्या गाडीत एक गोष्ट आणखी. टायरवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. पुढच्या दोन टायरांची कंपनी, नक्षी किंवा वय वेगळं असेल तर संशय तिथूनच सुरू करा. विकणाऱ्याने एकच टायर का बदलला असेल, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे.

ट्रायल कशी घ्यायची

रिकामा, सपाट, सरळ रस्ता शोधा. शेजारी कुणीतरी बसवा आणि त्याच्या हातात कागद-पेन द्या. चालवणाऱ्याने फक्त बोलायचं, लिहायचं दुसऱ्याने. वेग, ब्रेकवर पाय होता का, अॅक्सिलरेटर दाबलेला होता का, स्टिअरिंग सरळ होतं की वळलेलं, आणि काय जाणवलं. घरी येऊन आठवून लिहिलेलं बहुधा चुकतं.

क्रम असा ठेवा. आधी ताशी १५ ते ३० किलोमीटर, मग ५०-६०, मग रस्ता आणि कायदा परवानगी देतो तिथवर. प्रत्येक वेगाला थोडा वेळ स्थिर चालवा, मग अॅक्सिलरेटर सोडा, मग हळू ब्रेक दाबा. शेवटी रिकाम्या मैदानात सावकाश पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे गोल फिरवा. स्टिअरिंग पूर्ण सोडू नका. बोटं सैल करा, हात तिथेच राहू द्या.

गाडी एका बाजूला ओढते

सगळ्यात जास्त गैरसमज या तक्रारीबद्दल आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिला संशयित रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता बांधतात, साधारण दोन-अडीच टक्के उतार असतो. त्यामुळे कुठलीही धडधाकट गाडी हळूहळू कडेकडे सरकते. लोक काय करतात, त्याच रस्त्याने परत येऊन बघतात. त्याने काही कळत नाही, कारण परतीच्या बाजूलाही उतार कडेलाच असतो. जाऊन-येऊन कळतो तो वारा. उताराची शंका फेडायची तर मोठं सपाट मैदान हवं, जिथे एकाच रेषेवर दोन्ही दिशांनी जाता येईल. दोन्ही वेळा गाडी तुमच्या उजव्या हाताकडेच गेली तर दोष गाडीत. एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे गेली तर जमीन तिरकी आहे किंवा वारा आहे.

दोष गाडीतच आहे म्हटल्यावर पुढचं काम: पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावा. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण, आणि एका वेळी एकच बाजू उचलणं. उजवं चाक काढून तिथे तात्पुरती स्टेपनी लावली की पुढचं सोपं जातं. मग तोच रस्ता, तोच वेग. गाडी आता उलट बाजूला ओढू लागली तर दोष टायरचा. टायर बाहेरून नवाकोरा दिसला तरी आतली बांधणी किंचित शंकूसारखी झालेली असते, आणि मग तो टायर आडव्या ठेवलेल्या पेल्यासारखा गोल गोल जायला बघतो. ओढणं साफ थांबलं तरी बोट टायरकडेच जातं. काहीच फरक पडला नाही तर टायर निर्दोष.

टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर डावं-उजवं करू नका. त्याऐवजी एकाच बाजूचं पुढचं आणि मागचं चाक बदला. पुढच्या-मागच्या टायरांचे आकार वेगळे असतील तर हा प्रयोग घरी होणार नाही.

माझ्या गाडीचं ओढणं या अदलाबदलीने उजवीकडून डावीकडे गेलं. दोनदा मशीनवर चढवूनही दिसलं नाही, कारण मशीन चाकांचे कोन मोजतं. टायर कुठे जायला बघतोय ते त्याला दिसत नाही.

टायर सुटले की ब्रेक. दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. हात लावायचा नाही, डिस्क भाजते. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल किंवा तिथून जळका वास येत असेल, तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकलेल्या असतात किंवा पिस्टन अडकलेला असतो. गाडी फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर मात्र उलट शक्यताही धरा: जिकडे ओढते त्याच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी लागत असेल.

फक्त जोरात पिकअप घेताना ओढत असेल, आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, ताकदीच्या इंजिनाची असेल, तर थोडं ओढणं तिच्या बांधणीतलंच आहे. एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, लांब, दुसरा आखूड, त्याचा हा परिणाम. पण पूर्वी नव्हतं आणि आता वाढलं, तर लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बघायला सांगा.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंटची पाळी.

अलाइनमेंटचा कागद वाचायला शिका

मशीनवर चढवण्याआधी हवा बरोबर करून घ्या आणि डिकीतलं सामान काढा. सांगायचं एवढंच: "काही बदलण्याआधीचे आकडे छापून द्या." दुरुस्तीनंतरचा हिरवा कागद सगळे देतात. दोष सांगतो तो आधीचा कागद, आणि एकदा टो फिरवला की तो पुरावा गेला.

त्या कागदावर पुढच्या दोन चाकांची तुलना करा. कॅम्बर म्हणजे चाक समोरून बघताना किती आत-बाहेर कललंय. ज्या बाजूचं कॅम्बर जास्त धन, त्या बाजूला गाडी ओढते. कॅस्टर म्हणजे वळण्याचा आस बाजूने बघताना किती मागे कललाय. ज्या बाजूचं कॅस्टर कमी, त्या बाजूला ओढते. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर प्रश्न विचारा. पुढच्या चाकांचा टो बिघडला म्हणून गाडी सहसा ओढत नाही. तो टायर खातो आणि स्टिअरिंग वाकडं करतो. तरी "टो सेट केला, आता ओढणार नाही" असं सर्रास सांगितलं जातं.

बऱ्याच गाड्यांत पुढे फक्त टोच बदलता येतो, कॅम्बर आणि कॅस्टरला सोयच नसते. मग तो आकडा मर्यादेबाहेर असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. वापरलेल्या गाडीत ही मोठी खूण. अशा वेळी आणखी दोन गोष्टी स्वतः बघता येतात. चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने दोन्ही बाजूंना मोजा, ते साधारण सारखं हवं. दुसरी, टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावर, नटाबाहेर दिसणारे आटे. डावीकडे आणि उजवीकडे ते साधारण सारखे हवेत. एका बाजूला चार-पाच आटे दिसतायत आणि दुसऱ्या बाजूला पंधरा, त्यातही काही नवे चकचकीत, तर कुणीतरी वाकलेला भाग तसाच ठेवून आकडा जुळवलाय.

गाडी सरळ, स्टिअरिंग वाकडं

बऱ्याचदा आधीच्या अलाइनमेंटच्या वेळी स्टिअरिंग सरळ बांधून ठेवलेलं नसतं, एवढंच कारण असतं. नाहीतर मागची चाकं तिरकी आहेत आणि गाडी खेकड्यासारखी चालतेय. कागदावरचा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागच्या चाकांची दिशा गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी आहे तो कोन, शून्याजवळ नसेल तर हेच. "स्टिअरिंग काढून सरळ बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्याने दोष तसाच राहतो आणि एअरबॅगची वायर व स्टिअरिंगचा सेन्सर बिघडण्याची शक्यता वाढते.

थरथर

इथे वेगच उत्तर देतो. ताशी ८० च्या आसपास सुरू होऊन १०० च्या आगेमागे वाढणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची किंवा वाकलेल्या रिमची. हाताला जाणवली तर पुढची चाकं, सीटला जाणवली तर मागची. फक्त ब्रेकवर थरथरत असेल तर ब्रेक डिस्क. फक्त पिकअप घेताना, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. आधीच्या मालकाने बाहेरून अलॉय व्हील बसवले असतील तर रिमचं मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागावर) घट्ट बसतंय का ते बघायला सांगा, कारण सैल असेल तर कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही.

ताशी २०-२५ ला स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलत असेल, जणू चाकच वाकडं फिरतंय, तर ते हसण्यावारी नेऊ नका. टायरच्या आतला पोलादी पट्टा सुटायला लागल्याची ती खूण असू शकते. तो टायर हायवेवर फुटतो.

जड, किंवा सोडल्यावर परत न येणारं

आधी तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे की तेलावर चालणारं ते बघा. बॉनेटखाली पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची छोटी टाकी दिसली तर तेलावर चालणारं.

इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीवर पहिला संशय. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना मोटार भरपूर करंट ओढते, बॅटरी मरतुकडी असली की मदत कमी होते आणि पिवळा दिवा लागतो. नुकतीच बॅटरी काढली-लावली असेल तर बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडून उजवीकडे फिरवून थोडं सरळ चालवलं की दिवा जातो. आणखी एक, उभ्या गाडीत दहा-पंधरा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं की मोटार तापू नये म्हणून सिस्टीम स्वतःच मदत कमी करते. ती थंड झाल्यावर पूर्ववत होते. याव्यतिरिक्त दिवा लागत असेल तर स्कॅनर लावावा लागतो, आणि स्वस्तातले स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतात, स्टिअरिंगचे नाही.

तेलाच्या प्रकारात टाकीतली पातळी बघा. तेलाला फेस असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. वळवताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर तेल कमी किंवा पंप थकलेला, चीं-चीं वाजत असेल तर बेल्ट. स्टिअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका.

मदत नीट मिळतेय तरी स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतंय? कॉलमचा, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याचा, युनिव्हर्सल जॉइंट (सांधा) आखडलाय. डावीकडे वळून आल्यावर गाडी डावीकडे, उजवीकडे वळून आल्यावर उजवीकडे ओढते? मग वरचं स्ट्रट माउंट (पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वरचा आधार) किंवा एखादा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोळ्याचा सांधा) घट्ट झालाय. ही तक्रार फार फसवते, कारण मेकॅनिक ट्रायल घेतो तेव्हा त्याने आधी कुठल्या बाजूला वळण घेतलं यावर उत्तर बदलतं.

ढिलेपणा आणि आवाज

इंजिन चालू, चाकं सरळ. एका बोटाने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे करा आणि खिडकीतून पुढच्या टायरकडे बघा. टायर हलायच्या आधी स्टिअरिंगची कडा किती सरकते? बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ३० मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते, पण चांगल्या गाडीत त्याहून बरंच कमी जाणवतं.

ढिलेपणा वाटला तर एकाने जमिनीवर उभ्या गाडीत स्टिअरिंग असंच हलवायचं आणि दुसऱ्याने चाकामागे टाय रॉडच्या टोकाकडे बॅटरी मारून बघायचं. रॉड हलतो पण चाक उशिरा हलतं, तर तोच टाय रॉड एंड गेला. मग पुढची बाजू उचलून, जॅकवर नव्हे तर स्टँडवर ठेवून, चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा. इथे खेळ असेल तर टाय रॉड. १२ आणि ६ वर धरून खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्हीकडे सारखाच असेल तर बहुधा बेअरिंग.

पूर्ण वळवून पुढे निघताना टक-टक-टक आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. गतिरोधकावर खट्ट वाजलं तर लिंक रॉड, लोअर आर्म. स्टिअरिंगच्या आतूनच खसखस येतेय, हॉर्न मध्येच वाजत नाही आणि एअरबॅगचा दिवा लागलाय, तर आतली गुंडाळलेली वायर तुटत आलीय. ते स्वतः उघडू नका, समोर एअरबॅग आहे.

गॅरेजला जाताना

कोरी गाडी असेल तर वॉरंटी आहे तोवर बाहेर काहीही खोलू नका, चाकांची अदलाबदलही सर्व्हिस सेंटरमध्येच करायला सांगा. तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या आणि टेक्निशियनला शेजारी बसवून ट्रायल द्या. १७ अक्षरी चेसिस नंबर देऊन त्या गाडीवर काही रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं, आहे का तेही विचारा. वापरलेल्या गाडीलाही रिकॉल लागू असतो, आणि आधीच्या मालकाने तो करून घेतलेला असेलच असं नाही.

तिसऱ्या खेपेला मी गॅरेजमध्ये फक्त एक चिठ्ठी दिली: "उजवीकडे ओढत होती, ४० च्या वर. ब्रेकशी संबंध नाही. हवा चारही चाकांत बरोबर. पुढची चाकं अदलाबदल केल्यावर डावीकडे ओढते." मेकॅनिकने ती वाचली, रॅम्पकडे बघितलंही नाही, डावीकडचं पुढचं चाक काढून मागे लावलं आणि मागचं पुढे आणलं. गाडी सरळ धावली. नवा टायर मी नंतर सवडीने घेतला. निघताना त्याने एवढंच सांगितलं की चाकं काढून लावलीत, तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा आवळून बघा. बघितले. एक खरोखरच पाव फेरी फिरला.